वर्गाला वारा हवा

"काकू, ओळखलं का?"

माघ पौर्णिमेची कचारगडची जत्रा. धनेगावच्या पायथ्याशी आमच्या बचत गटाच्या बायकांनी दरवर्षीसारखा छोटासा मांडव टाकलेला. पिण्याचं पाणी, ओआरएसची पाकिटं, पायाला खरचटलं तर लावायला मलम, एवढाच आमचा संसार. समोरून पिवळे दुपट्टे, पिवळे झेंडे घेतलेली माणसं डोंगराकडे चाललेली. कुणी छत्तीसगडहून आलेलं, कुणी मध्य प्रदेशातून, कुणी तेलंगणातून. त्या गर्दीतून एक मुलगी थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी.

ओळखणार नाही कशी? पाच वर्षांपूर्वी हिच्याच वह्यांवर मी खाडाखोड केली होती. आता ती एम.ए. झाली आहे, एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते आहे. मी तिला जवळ घेतलं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती जरा चाचरत म्हणाली, "काकू, एक काम अडलं आहे. आमच्या वर्गाच्या मागच्या दोन्ही खिडक्या खिळे ठोकून बंद केल्यात. उघडायला सांगायच्या आहेत. माझी नोकरी कच्ची. एकटीनं कसं सांगू? तुम्ही याल का संगं?"

मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. शेजारच्या बायकांना वाटलं, खिडकीसाठी ही काय रडतेय! पण त्या खिडकीमागे आम्हा दोघींची एक गोष्ट आहे. तीच आज तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझी चूकही आहे. ती झाकून ठेवली तर गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

ज्यांनी कचारगड पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा रेल्वे स्टेशनच्या पलीकडे, दाट जंगलातल्या डोंगरात ही भलीमोठी नैसर्गिक गुहा आहे. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. इथली कथा अशी सांगतात, की काली कंकालीची तेहेतीस मुलं या गुहेत कोंडली गेली होती. गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा. जंगो रायताड या माउलीनं त्या मुलांची काळजी वाहिली, आणि पारी कुपार लिंगोनं हिरासुका या वादकाच्या मदतीनं ती शिळा हटवली. शिळा हटली, मुलं बाहेर आली, पण हिरासुका मात्र त्याच शिळेखाली गेला. पुढे लिंगोनं त्या मुलांना शिकवून शहाणं केलं. गोटुल ही मुलांना एकत्र शिकवण्याची जागा, तीही लिंगोनंच सुरू केली असं गोंड माणसं मानतात.

ही कथा मी लग्न होऊन सालेकशाला आल्यापासून ऐकत होते. पण कोंडलेली मुलं म्हणजे काय, ते मला कळलं २०२० साली.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची साथ ही जागतिक महासाथ असल्याचं जाहीर केलं. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. शहरातली वसतिगृहं रिकामी झाली आणि आमच्या भागातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली पेट्या-वळकट्या घेऊन गावी परत आल्या. मोहफुलं वेचायचे दिवस होते, मग तेंदूपत्ता आला, मग धानाची रोवणी. मुली कामाला लागल्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना परीक्षेविना पुढच्या वर्षात ढकललं गेलं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षांचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २८ ऑगस्ट २०२० ला न्यायालयानं सांगितलं, परीक्षेविना पदवी देता येणार नाही. शेवटी ऑक्टोबरात त्या परीक्षा झाल्या, बहुतेक ठिकाणी मोबाइलवर पर्याय निवडून.

मोबाइल! शहरातल्या मैत्रिणींना सांगून पटत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या १०० घरांपैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती, आणि संगणक तर चार-पाच घरांत. आपल्या महाराष्ट्राचं बघायचं तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १०० बायकांपैकी ३८ जणींनी कधीतरी इंटरनेट वापरलेलं होतं. पुरुषांचा आकडा ६१च्या पुढे. म्हणजे घरात फोन एकच असेल तर तो कुणाच्या खिशात असतो, हे काही मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. सिंधुदुर्गातली पशुवैद्यकीय शिकणारी एक मुलगी भर पावसाळ्यात डोंगरावर खोपटं बांधून अभ्यास करत होती, ती बातमी तेव्हा सगळ्यांनी कौतुकानं वाचली. मला मात्र कौतुकापेक्षा पोटात कालवल्यासारखं झालं. खोपटं बांधून देणारे भाऊ सगळ्याच मुलींना नसतात.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी मास्क वाटायला गेले होते, तेव्हा ही मुलगी मला भेटली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी विचारलं, "तास होतात का गं?" तर म्हणाली, "टेकडीवर चढलं तं नेट येते काकू, पन मंग दादाचा फोन त्याले लागते." तिचे वडील अंगणात धानाचे भारे लावत होते. ते म्हणाले, "कालेज बंद हाये, परीक्षाबी नाही झाली. पोरीले घरी ठेवून काय करू ताई? सोयरीक आली हाये, करून टाकतो." माणूस वाईट नव्हता. बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता. कॉलेज चालू असतं तर त्या हिशेबात मुलीच्या बाजूला काहीतरी धरलं गेलं असतं. बंद कॉलेजची किंमत शून्य.

माझं स्वतःचं बी.ए. लग्नानंतर, एक मूल कडेवर असताना पुरं झालं आहे. त्यामुळे ही शून्य किंमत मला चांगली ठाऊक होती. घरी आल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना फोन केला. सर म्हणाले, "मी येतो. पण मला सत्तरी गाठायला आली आहे, सांभाळून घ्या." आणखी एक तरुण प्राध्यापक तयार झाले. सरपंचांना विचारलं, आरोग्यसेविकेला विचारलं. आणि दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, आम्ही वर्ग सुरू केला. आठवड्यातून तीन दिवस. आसपासच्या गावांतून चौदा मुलं-मुली येऊ लागली, त्यात दहा मुली. कुणी पहिल्या वर्षाची, कुणी तिसऱ्या. बसायला आंब्याचं झाड, फळा म्हणून दाराची एक फळी काळी रंगवून घेतलेली.

त्या मुलींचे चेहरे मी कधी विसरणार नाही. शिकायचं होतं म्हणून त्या आल्या होत्या हे खरं, पण घराबाहेर आपल्यासारखी चार माणसं भेटणं हेसुद्धा त्यांना हवं होतं. एखादीला काही कळलं नाही की सरांना ते तिच्या कपाळावरच्या आठीवरून कळायचं, आणि ते पुन्हा सांगायचे. फोनच्या पडद्यावर कपाळाची आठी दिसत नाही हो. प्रत्यक्ष शिकवण्याचा अर्थ मला तिथे त्या झाडाखाली कळला.

आणि मग डिसेंबर आला. आमच्या गोंदिया जिल्ह्याची थंडी विदर्भात प्रसिद्ध आहे. सकाळी हात बधिर होतात. मुलं कुडकुडायला लागली. तेव्हा मीच म्हटलं, आपण समाजमंदिराच्या खोलीत बसू. आणि मी काय काय काळजी घेतली सांगू? फरशी जंतुनाशकानं पुसून घेतली. दाराशी सॅनिटायझर ठेवलं. कपाळाला लावून ताप मोजायचं यंत्र उसनं आणलं. चपला बाहेर, वह्यांची देवाणघेवाण बंद. सगळं केलं. आणि थंडी वाजते म्हणून दार लावून घेतलं, खिडक्यांना पोती लावली. आत चौदा मुलं, सर आणि मी. दोन-दोन तास. शिकवताना सरांचा आवाज मागे पोचेना, म्हणून त्यांनी मास्क हनुवटीवर घेतला. मीही त्यांना टोकलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात माझा घसा खवखवत होता. थंडीचा असेल म्हणून आल्याचा चहा घेतला आणि गेले. ताप नव्हता, यंत्रानं मला पास केलं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत सहा मुलं आजारी पडली. मी पडले. सर पडले, नशिबानं बरे झाले. मुलं तरुण होती, चार दिवसांत उठून बसली. पण या मुलीच्या घरात तिची आजी होती. म्हातारी मला दर वेळी मोहफुलांचा लाडू हातावर ठेवायची, गोंडीत काहीतरी बोलायची आणि मला कळत नाही म्हणून हसायची. तिला धाप लागली. जिल्ह्याच्या गावी नेलं. परत आणता आली नाही. घरच्यांना शेवटचं तोंडसुद्धा धड बघायला मिळालं नाही.

कोणाकडून कोणाला लागण झाली, हे कुणीच सांगू शकत नाही. लोक मला समजावत होते, "ताई, सगळीकडेच होतं, तुमच्यामुळे थोडंच झालं." पण माझा घसा खवखवत होता आणि मी गेले होते. दार मी लावलं होतं. हे दोन वाक्यांचं ओझं आजही माझ्या छातीवर आहे.

मी ठरवलं, झालं तेवढं पुरे. आता हे उद्योग नकोत. आणि पंधरा-वीस दिवसांनी ही मुलगी माझ्या दारात उभी. डोळे खोल गेलेले. मला वाटलं, ही आता मला बोलणार. तिनं बोलायलाच हवं होतं. ती म्हणाली, "काकू, वर्ग कधी सुरू करता?" मी म्हटलं, "अगं, तुझी आजी गेली ना!" तर म्हणते कशी, "आजी गेली ते गेली. आता वर्गबी गेला तं बाबा सोयरीक पक्की करतील. मंग आजीचं बी गेलं, माझं बी गेलं."

मग मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी मला रागावलं नाही. त्यांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली, तर पार पुढच्या खोलीत बसलेल्या माणसाला ठसका लागतो की नाही? त्यानं हात स्वच्छ धुतले होते म्हणून ठसका थांबतो का?" मी बघतच राहिले. त्या म्हणाल्या, "हा आजार पुष्कळसा तसाच पसरतो. माणूस बोलतो, शिकवतो, गातो, तेव्हा बारीक कण हवेत जातात आणि कोंडलेल्या खोलीत तरंगत राहतात. सहा फूट अंतर ठेवलं तरी ठसका सहा फुटांवर थांबत नाही."

त्यांनी मला एक सोपी युक्ती सांगितली. वर्गाच्या जागी उदबत्ती लावून बघा. धूर किती वेळ रेंगाळतो ते पाहा. मी खरंच केलं. त्या समाजमंदिराच्या खोलीत दार लावून उदबत्ती लावली. धूर छताशी जाऊन पसरला आणि तिथेच थांबला, उदबत्ती विझल्यावर कितीतरी वेळ वास जाईना. समोरासमोरचं दार आणि खिडकी उघडली, आणि धुराची रेघ पाहता पाहता वाकून बाहेर गेली. आंब्याखाली तर धूर दिसलाच नाही. त्या दिवशी मी खोलीच्या उंबऱ्यावर बसून खूप रडले. इतकी साधी गोष्ट! चुलीचा धूर बाहेर जावा म्हणून आपण धुराडं ठेवतो, आणि मुलांच्या श्वासाचा विचारच केला नाही.

पुढे मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानंही हेच पत्रक काढून सांगितलं. हे बारीक कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारं-खिडक्या उघडा, बाहेर हवा फेकणारा पंखा लावा. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं हिशेब दिला, की अशा खोलीत दर माणसामागे दर सेकंदाला दहा लिटर ताजी हवा यायला हवी. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ माणसं जमली होती, त्यातली ५३ आजारी पडली, दोघं दगावली. बंद दालनात दोन-अडीच तास गाणं, एवढंच निमित्त झालं. हे सगळं वाचलं तेव्हा मला आमचं समाजमंदिर आठवलं.

जानेवारी २०२१ मध्ये वर्ग पुन्हा सुरू झाला, पण या वेळी नियम वेगळे. जागा उघडी. धनेगावच्या बाजूला, ऊन येईल असं पटांगण धरलं. वेळ सकाळची नाही, अकरा ते एक, म्हणजे थंडीचा प्रश्नच मिटला. ज्याला जराही कणकण, घसा, सर्दी असेल त्यानं यायचं नाही, आणि न आल्याबद्दल कुणी बोलायचं नाही. त्याच्या वहीसाठी दुसऱ्यानं कार्बन पेपर ठेवायचा. हा नियम पहिला माझ्यासाठी. मास्क नाकावर, बोलतानासुद्धा. सरांसाठी गावच्या भजनी मंडळाचा माइक आणला. ओरडावं लागलं नाही की मास्क खाली येत नाही! घरात म्हातारं माणूस असेल त्यानं घरी गेल्यावर पडवीत झोपायचं.

हा वर्ग मार्चच्या मध्यापर्यंत चालला. तेवढ्या काळात, आमच्या माहितीप्रमाणे, वर्गातून एकही आजार घरी गेला नाही. तेवढ्यानं आम्ही फार शहाणे झालो असं नव्हे, नशीबही असेल. आणि मग दुसरी लाट आली तेव्हा आम्ही वर्ग थांबवला. हेही सांगायला हवं. प्रत्यक्ष शिकवायचं म्हणजे हट्टानं शिकवायचं असं नाही. गावात घरटी माणसं आजारी असताना झाडाखालीही बसू नये. त्या दिवसांत आम्ही नोट्सच्या झेरॉक्स काढून दुधाच्या गाडीबरोबर पाठवल्या.

याच काळात मोठ्या संस्थांत काय चाललं होतं, ते मी पेपरात बारकाईनं वाचत होते. आपल्या राज्यात १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या हजेरीनं महाविद्यालयं उघडायचं ठरलं, पण उघडली न उघडली तोच दुसरी लाट. त्याच फेब्रुवारीत वाशीम जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक मुलं बाधित निघाली. त्याआधी डिसेंबरात मद्रासच्या आयआयटीत शंभराहून अधिक विद्यार्थी बाधित झाले होते, आणि तिथे बोट दाखवलं गेलं ते खाणावळीकडे. या दोन्ही बातम्यांत मला एक गोष्ट दिसली. आपण वर्गाची फरशी पुसत बसतो, पण मुलं जिथे एकत्र जेवतात, एकत्र झोपतात, तिथे कुणाचं लक्ष नसतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं २०२० च्या पावसाळ्यानंतर वर्ग भरवले, ते लाळेची स्वतःची चाचणी तयार करून, मुलांची आठवड्यातून दोनदा तपासणी करून. म्हणजे पैसा आणि मन दोन्ही असेल तर तोही मार्ग आहे. आपल्याकडे तेवढा पैसा नसेल. पण खिडक्या तर आहेत ना?

१८ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी लसीकरण १ मे २०२१ ला खुलं झालं. आमच्याकडे लशीची भीती फार. कुणी म्हणे माणूस मरतो, कुणी म्हणे मूल होत नाही. आमच्या वर्गातल्या मुलींनी घरोघरी जाऊन गोंडीत समजावलं. या मुलीनं तर स्वतःच्या वडिलांना हाताला धरून नेलं. २० ऑक्टोबर २०२१ पासून दोन डोस झालेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयं उघडली, तेव्हा आमच्या सगळ्या मुलींचे दोन्ही डोस झालेले होते! तोपर्यंत ही बी.ए. झालेली होती आणि एम.ए.ला नाव घातलं होतं. सोयरीक मोडली नव्हती, वडिलांनीच "दोन साल थांबा" म्हणून निरोप पाठवला होता. पुढे ते लोक थांबले नाहीत. तिला त्याचं काही वाटलं नाही.

पण बायांनो, कॉलेज उघडलं तरी कॉलेजात पोचायचं कसं? दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि तो मिटायला एप्रिल २०२२ उजाडला. मधे जानेवारीत तिसऱ्या लाटेमुळे वर्ग पुन्हा बंद, १ फेब्रुवारीपासून पुन्हा सुरू. ज्या मुलींना एसटीच्या पासवर जाता येत होतं, त्यांना काळी-पिवळीत कोंबून जावं लागलं. वर्गात एका बाकावर एक मुलगी, आणि येताना जीपमध्ये सोळा! याला सुरक्षित शिक्षण म्हणायचं का? तेव्हा मला पक्कं कळलं, की वर्गाची सुरक्षितता वर्गाच्या दारात सुरू होत नाही. ती मुलीच्या अंगणातून सुरू होते. बस, वसतिगृहाची खोली, खाणावळ, पाणी असलेलं स्वच्छतागृह, हे सगळं त्यात येतं. यातलं एक तुटलं की पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी.

साथीला घाबरून शिकवणं कायमचं सोडायचं नाही आणि शिकवण्याच्या हट्टापायी माणसं गमवायची नाहीत, या दोहोंच्या मधली वाट अरुंद असते. आपल्या सावित्रीबाई १८९७च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. त्यांच्या काळी प्लेगाचा जंतू नुकताच सापडला होता, तो पसरतो कसा हे अजून पुरतं ठरायचं होतं. लोक गाव सोडून मोकळ्या शेतात झोपड्या बांधून राहत. आपल्याला तर आता कारण माहीत आहे. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी जणू आपण सगळं विसरलो. सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात वाळून गेल्या, ते ठीकच. पण हवेचं जे शिकलो, तेही त्यांच्याबरोबर वाळून गेलं. क्षयरोग हवेतूनच पसरतो, गोवर हवेतून पसरतो, फ्लू पसरतो. त्यासाठी पुढच्या महासाथीची वाट बघायला नको.

शेजारच्या गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठानं 'विद्यापीठ आपल्या गावात' असा उपक्रम सुरू केला, प्राध्यापकांनी गावात जाऊन शिकवायचं. हे ऐकलं तेव्हा मला आमच्या काळ्या रंगवलेल्या फळीची आठवण झाली. मुलगी विद्यापीठापर्यंत पोचत नसेल तर विद्यापीठानं चार पावलं यावं. साथीच्या दिवसांत तर अशी छोटी, उघड्यावरची, ओळखीच्या माणसांची तुकडी ही हजारभर मुलांच्या इमारतीपेक्षा कितीतरी निर्धोक.

जत्रेनंतरच्या सोमवारी मी तिच्याबरोबर तिच्या कॉलेजात गेले. बरोबर बचत गटाच्या चौघी. एक उदबत्तीचा पुडा घेतला होता. प्राचार्य भले माणूस. म्हणाले, "खिडक्या मागे शेत आहे म्हणून बंद केल्या. माकडं येतात, पावसाचं पाणी येतं." मी म्हटलं, "सर, जाळी लावू. वर पत्र्याची झडप लावू. पण खिळे काढा." त्यांनी विचारलं, "आता कोरोना कुठे आहे?" तेव्हा ही मुलगी, जिला नोकरीची भीती वाटत होती, तीच पुढे झाली. काही न बोलता तिनं टेबलावर उदबत्ती लावली. दुपारी दोनची वेळ, वर्गात साठेक मुलं. धूर वर गेला आणि पंख्याखाली नुसता गोल गोल फिरत राहिला. सगळा वर्ग बघत होता. एका मुलानं खोकलून दाखवलं, सगळे हसले. प्राचार्यही हसले.

शिपायानं पक्कड आणली. जुने खिळे, गंजलेले. एकेक काढताना किरकिर आवाज येत होता. पहिली खिडकी उघडली आणि मागच्या शेतातल्या लाखोळीचा वास आत आला. मागच्या बाकावरची एक मुलगी पेंगत होती, ती दचकून सरळ बसली.

मैत्रिणींनो, तुम्ही कुठल्या ना कुठल्या शाळेच्या, कॉलेजच्या पालक सभेला जात असाल. फी विचारता, निकाल विचारता, तसं एकदा वर्गात जाऊन खिडक्या बघा. कपाटानं अडवल्यात का, फलकानं झाकल्यात का, खिळे ठोकलेत का? वसतिगृहात एका खोलीत किती मुली झोपतात ते मोजा. आजारी मुलीला वेगळं ठेवायला जागा आहे का, आणि ताप आलेल्या मुलीची हजेरी कापतात का, ते विचारा. हजेरी कापली की मुली तापातच येतात. आणि जमलं तर पर्समध्ये दोन उदबत्त्या ठेवा.

परत निघताना तिनं माझ्या हातावर मोहफुलांचा लाडू ठेवला. "आजीसारखा नाही झाला काकू," म्हणाली. मी तिथेच, कॉलेजच्या फाटकात उभी राहून खाल्ला. खरं सांगते, अगदी आजीसारखाच झाला होता.